मापाचा ब्लाउज

“वेदिका, इकडं ये. अन् हे काय आहे ते सांग मले.”

प्रेमिलाबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. हातात सासूबाईंचा जांभळा ब्लाउज, तोही उलटा केलेला. जिजाबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध उरकलं आणि वेदिकाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पंधरा दिवसांवर आलं, म्हणून नंदनवन वस्तीतल्या त्या लहानशा घरातली म्हातारीची आलमारी आज रिकामी करायला काढली होती. पाहुण्यांचे कपडे ठेवायला जागा नको? जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीला द्यायचं ते एका गाठोड्यात, ठेवायचं ते दुसऱ्यात. सकाळपासून मायलेकींचं काम झपाझप चाललं होतं.

ब्लाउजच्या काखेत शिलाई उसवून एक चौकोनी तुकडा जोडलेला होता. त्याच कापडाचा. हातशिलाई इतकी बारीक, की बाहेरून पाहणाऱ्याला संशय येऊ नये.

“आजी जाडी झाली असन,” वेदिका म्हणाली, पण आईकडे न बघता.

जाडी? जिजाबाई शेवटपर्यंत काडी होत्या. प्रेमिलाबाईंनी दुसरा ब्लाउज उलटा केला. त्यालाही तुकडा. तिसऱ्यालाही. मग त्या फरशीवरच बसल्या आणि सगळा गठ्ठा पुढ्यात ओढला. चौदा ब्लाउज आणि आजारपणातले तीन गाऊन. सतराच्या सतरा कपड्यांना दोन्ही काखांत तुकडे. आणि कापड कुठून आलं तेही त्यांच्या ध्यानात आलं. दर वेळी शिवून झालं की म्हातारी कात्रणं मागून न्यायची. “गोधडीले होतीन,” म्हणायची. गोधडी काही कधी झाली नाही आणि यांनी कधी विचारलं नाही.

हे सगळे कपडे प्रेमिलाबाईंच्या हातचे होते. त्यांना दुसरं येत तरी काय होतं? दहावी नापास, स्वयंपाक बेताचा, भाजीत मीठ एकदा दुप्पट तर एकदा नाहीच. उमरेडहून सून म्हणून आल्या त्या एक शिलाई मशीन घेऊन, आणि शिवणात आपला हात कुणी धरणार नाही ही पक्की खात्री घेऊन. “आमच्या घरानं सव्वीस वर्षांत टेलरचं तोंड पायलं नाई,” हे त्यांचं वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. शेजारच्या जयवंताबाई तर ते सुरू झालं की दळण राहिलं म्हणून उठायच्या.

“सांग नं. तुले माहीत होतं?”

बँकेत दिवसभर शंभर गिऱ्हाइकांना उत्तरं देणारी पोरगी, ओढणीचं टोक पिळत बसली.

“आजीनं शपथ घातली होती, आई.”

“काहून?”

“तुझ्या हातचा मुंढा, काखेचा घेर, लहान पडते. पहिल्यापासून. हात वर केला का काखेत काचते. आजी म्हणे, तिले सांगू नको, एवढं एकच तं आहे तिच्यापाशी.”

प्रेमिलाबाईंची नजर वेदिकाच्या अंगातल्या ड्रेसच्या काखेवर गेली. पोरगी पुढं काहीतरी बोलत होती, ते त्यांना ऐकूच आलं नाही.

“अन् तुझे ड्रेस?” त्यांनी मध्येच विचारलं.

“मार्तंडकाकाकडे नेते मी. चौकातल्या. ते सैल करून देतात.”

मार्तंड टेलर! ज्याच्या दुकानावरून त्या मान ताठ करून जायच्या, तो मार्तंड! तो कात्री खाली ठेवून नमस्कार करायचा त्यांना. आपल्या हाताला मान देतो बिचारा, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं.

तेवढ्यात गिरिधरराव चहाचा कप घेऊन दारात आले आणि आयतेच सापडले.

“अहो, तुमच्या सदऱ्यांचं काय? खरं सांगा.”

गिरिधररावांनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग कपात. “मले तं बरोबरच होते वं,” ते म्हणाले. “दोन-चार सोडले तं.” आणि आल्या पावली परत फिरले.

म्हणजे घरात एकट्या आपल्यालाच माहीत नव्हतं. नवऱ्याला, पोरीला, चौकातल्या परक्या माणसाला, सगळ्यांना ठाऊक. प्रेमिलाबाई उठल्या आणि मशीनचा खण उघडून त्यांनी मापाचा ब्लाउज काढला.

सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाच्या अंगाला टेप लावला नव्हता. नव्या सुनेनं सासूच्या अंगाला टेप लावायचा कसा? मापाचा ब्लाउज मागायचा, कापडावर पसरायचा, कडेनं खडू फिरवायचा. सगळ्या बाया असंच करतात. हा ब्लाउज पिवळा, आता पार विटलेला. या घरात त्यांनी शिवलेला पहिला. सासऱ्यांनी भाजी तोंडात घालून ताट दूर सरकवलं होतं, त्याच दिवशी तो पुरा झाला. सून मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडत होती. जिजाबाई तो अंगात घालून मोरीच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “वा वं सूनबाई! टेलरनं झक मारावी असा बसला. हाच ठेव मापाले.”

त्यांनी ठेवला. प्रेमिलाबाईंनी आता त्याची काख उलटी केली. तुकडा नव्हता, पण शिवण दोन्हीकडून ताणून फाटली होती. याच मुंढ्यावरून सासूचे सगळे ब्लाउज, याच मुंढ्यावरून वाढवत-घटवत पोरीचे ड्रेस. एकाच चुकीवरून सव्वीस वर्षं खडू फिरत राहिला होता.

त्यांना राग आला. गेलेल्या माणसाचा असा राग येऊ शकतो हे त्यांना माहीत नव्हतं.

“त्या दिवशीच सांगतलं असतं तं दोन दिवस रडली असती मी,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या दिवशी शिकली असती नं!”

पलंगावर साक्षगंधाच्या ड्रेसचं मोतिया कापड पसरलेलं होतं. उमरेडच्या नत्थूजींकडून खास मागावर विणून घेतलेलं. नत्थूजी आता थकले, माग बंद झाला, दुसरं मिळायचं नाही. खडूच्या रेषा कालच मारून झाल्या होत्या. कात्री तेवढी लावायची राहिली होती.

“हा तू घालणार होती का?”

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “बेसा भागातल्या दुकानात होणाऱ्या सासूबाईसोबत एक तयार ड्रेस पाहून ठेवला आई. दिवसभर वाकावं लागते, पाया पडावं लागते. तुझा फोटोपुरता घातला असता.”

फोटोपुरता!

त्या दुपारी जेवल्या नाहीत. भांडेवालीचं गाठोडं सोडून त्यांनी सतराही कपडे जुन्यापासून नव्यापर्यंत रांगेनं फरशीवर मांडले आणि चष्मा लावून एकेक पाहत बसल्या. जुन्यांतला तुकडा दोन बोटं रुंद, पुढचे तीन. पाठीच्या बाजूनं जास्त वाढवलेलं, पुढून कमी. मानेमागे एक बारीक चुणी घेतलेली, म्हणजे गळा मागून उठत होता. हे तर पोरीनंही सांगितलं नव्हतं. उजव्या खांद्याला प्रत्येक वेळी एक चिमूट कापड आत दाबलेलं. एवढी मेहनत करत होती म्हातारी, दर सणाला, चोरून. राग तसाच होता, पण हात काम करत होता. कोऱ्या पानावर त्यांनी आपल्या चुका लिहून काढल्या. सात निघाल्या.

मग ओल्या फडक्यानं मोतिया कापडावरच्या रेषा पुसल्या, कापड घडी करून बाजूला ठेवलं आणि जुनी चादर फाडली.

“उभी राय. सरळ.”

वेदिका उभी राहिली. प्रेमिलाबाईंनी टेप तिच्या काखेखालून घेऊन खांद्यावर आणला. मुंढा साडेसोळा. पोटच्या पोरीचं माप त्यांना आज, तिच्या वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं.

चार वाजता चादरीचा नमुना वेदिकाच्या अंगात होता.

“हात वर कर.”

वेदिकानं हात वर केला. “बरोबर आहे, आई,” ती सवयीनं म्हणाली.

प्रेमिलाबाई तोंडात टाचण्या धरून नुसत्या बघत राहिल्या. वेदिकाचा हात तसाच वर होता.

“काखेत... थोडं काचते अजून.”

एक टाचणी लागली.

“पाठीत ताणते.”

दुसरी.

“अन् डावी बाही वळते, आई.”

तिसरी टाचणी टोचायला प्रेमिलाबाईंना जागा नीट दिसेना. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

“बोल,” त्या दातांतल्या टाचण्यांमधून म्हणाल्या. “थांबू नको.”