नंबर एतेल्काचा

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची काहील आहे. माझ्या पोटात पाच टोपल्या आलुबुखार सहज मावतात. माझ्या काठाला एक पोचा आहे. तो मला फार प्रिय आहे, पण त्याची गोष्ट शेवटी येईल.

कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी सिल्वाशकूट नावाचे एकाच रस्त्याचे गाव आहे. सगळ्या गावाने मिळून गाश्पार तांबटाकडून मला घडवून घेतले. तेव्हा तिथे सम्राटाचे राज्य होते. ते गेले, दुसरे आले, तेही गेले. राज्य बदलले की शाळेतली तसबीर बदलायची आणि बायका जुन्याच झेंड्याच्या पट्ट्या उसवून नवा झेंडा शिवायच्या. माझा क्रम मात्र कुणी बदलला नाही. आलुबुखार पिकले की रस्त्याच्या या बाजूचे एक घर, मग समोरचे घर, मग पुन्हा या बाजूचे पुढचे घर, अशी मी फिरायची. जिचा मुरंबा झाला तिने मला राख आणि व्हिनेगरने घासायचे आणि स्वतः पुढच्या घरी पोचवायचे. नंबर सोडून कुणी शिजवायचे नाही.

मोठ्या लढाईनंतरच्या एका हंगामात मी पिरोश्काच्या घरी होते. तिने मला लख्ख घासले. पुढचा नंबर समोरच्या एतेल्काचा, म्हणजे तिच्या नणंदेचा होता. सकाळी पाहतो तर सैनिक भर रस्त्यात खांब ठोकत होते. आमची बाजू सोव्हिएत देशात गेली आणि एतेल्काची चेकोस्लोव्हाकियात.

"वहिनी, हे पुढच्या हंगामापर्यंत तरी टिकेल का गं?" एतेल्काने पलीकडून विचारले.

"छे! मागचं राज्य सहा वर्षंसुद्धा टिकलं नाही. या तर नुसत्या काठ्या आहेत," पिरोश्का म्हणाली.

आमच्या बाजूच्या बायकांनी तिथेच ठरवले. नंबर एतेल्काचा आहे, तिचा मुरंबा होईपर्यंत काहिलीला कुणी विस्तव दाखवायचा नाही. एवढी राज्ये येताना-जाताना पाहिलेल्या माणसांना वाटले, हेही लवकरच जाईल; ही त्यांची चूक होती. मला ओसरीत भिंतीवर टांगले आणि काठ्यांच्या जागी तारा आल्या, तारांच्या जागी उंच फळ्या. पलीकडे बघायला बंदी, बोलायला बंदी.

मग पिरोश्काने एक बदक पाळले आणि त्याचे नाव एतेल्का ठेवले. आपल्या बदकाला हाक मारायला कुठल्या सरकारची बंदी असणार? दर हंगामात ती मला खाली उतरवून घासायची आणि अंगणात उभी राहून ओरडायची, "एतेल्का! ए भवाने, कुठे उंडारतेस? काहील घासलीय! नंबर तुझाच आहे!"

थोड्या वेळाने पलीकडून कुणीतरी बकरीवर खेकसायचे, "वहिनी! ऐकू येतंय हो, बहिरी नाही मी!"

पहाऱ्यावरचा सैनिक हसायचा. त्याला वाटायचे, इथल्या बायका जनावरांशी फार बोलतात.

एका वर्षी पिरोश्काचा नवरा, म्हणजे एतेल्काचा भाऊ, वारला. त्याची शवपेटी फळ्यांपासून वीस पावलांवरून गेली. एतेल्काला येता आले नाही. त्यानंतर कितीतरी दिवस पलीकडे बकरीला कुणी हाक मारली नाही.

वर्षे गेली, बदके बदलली, नाव तेच राहिले. पिरोश्काच्या मुलाने शेजारी घर बांधले आणि त्यात सून आली, झुझा. तोंडाची फटकळ, पण मनाने चांगली.

"सासूबाई, लोखंडी पातेल्यात दरवर्षी मुरंबा करपतो आणि ही बया भिंतीवर मिरवतेय! एकदा शिजवलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"करपलेला खा. मीही तोच खाते ना?" पिरोश्का म्हणाली. "फळ्या ठोकणाऱ्यांना हेच हवंय, की आपण नंबर विसरावा."

खरे सांगते मित्रांनो, मला झुझाचे पटत होते. चुलीवर न चढणाऱ्या भांड्याला भांडे तरी का म्हणावे? मला माझी लाज वाटायची. पण राख घेऊन पिरोश्का समोर बसली की मला तिचेही पटायचे.

पुढे दोन्हीकडचे देशच मोडले. नव्या देशांची नवी नावे आली, कुंपण मात्र जागचे हलले नाही. एकोणसाठ वर्षांनी त्यात पायी जाण्यापुरते एक फाटक झाले. त्र्याऐंशी वर्षांची पिरोश्का मला हातगाडीवर घालून निघाली. मागे झुझा, आणि तिच्यामागे टोपल्या घेतलेल्या साऱ्या बायका.

"आजी, ही विकायला नेताय?" अधिकाऱ्याने विचारले.

"विकायला? पोरा, हिचा नंबर लागलाय."

"कधी?"

"तू जन्मायच्या आधी."

"हिचे कागद कुठे आहेत?"

पिरोश्काने मला उपडे केले, मग सुलटे केले. आतबाहेर कुठे कळंकाचा हिरवा ठिपका नव्हता. "हे बघ कागद. एकोणसाठ हंगाम घासलीय."

मग त्याने माझी दुसरी कडी स्वतः धरली. फाटक अरुंद होते. मला रेटताना काठ खांबावर आदळला आणि हा पोचा पडला.

एतेल्का सकाळपासून दारातल्या बाकावर बसली होती. समोर चूल मांडून ठेवलेली.

"उशीर केलास, वहिनी."

"वाटेत गर्दी होती गं."

एतेल्काने माझ्या पोटात हात घालून तळावरून बोट फिरवले आणि ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. "कडेला थोडं राहिलंय," ती म्हणाली, आणि वहिनीच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडू लागली. माझ्या पोटात त्या दिवशी दिवसभर मुरंबा रटरटत होता.

दुसऱ्या दिवशी एतेल्काने मला घासायला घेतले. झुझा मदतीला धावली, तेव्हा ती म्हणाली, "तू हात नको लावू. घरी जाऊन चूल पेटव. माझ्यानंतर तुझ्या घराचा नंबर आहे."

मित्रांनो, कुंपण अजून आहे. पण आता हंगामात रोज मी ते ओलांडते, एकदा इकडे, एकदा तिकडे. तुमच्याकडेही कुणाचा तरी नंबर राहून गेला असेल. ते माणूस येईपर्यंत भांड्याला कळंक चढू देऊ नका. दरवर्षी घासा, आणि घासल्याचे त्याला ओरडून सांगा.