अठरा मीटरवरची गादी

मी गादी बोलतेय. फोमची नाही, कापसाची. सिडनीच्या स्कोफिल्ड्समधल्या या नव्या घरात फोमच्या तीन गाद्या आहेत, त्यांना विचारून बघा काही. बसलं की दबतात, उठलं की फुगतात, लक्षात काही ठेवत नाहीत. मी सगळं लक्षात ठेवते. आणि तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगते. मऊपणा फक्त अंगाला.

माझा जन्म फलटणचा. सत्तावीस वर्षांपूर्वी मीनाक्षीबाईंना मुलगा झाला, तेव्हा त्यांनी पिंजाऱ्याला दारात बसवून डोळ्यांसमोर कापूस पिंजून घेतला. "जुना मिसळलास तर याद राख," असं त्याला तीनदा बजावलं. बाई शिकलेल्या चौथीपर्यंत, पण त्यांना फसवणारा अजून जन्मायचाय. माप माझं बाळापुरतंच, रुंदीला हातभर आणि लांबीला दीड हात.

त्या बाळाचं नाव नचिकेत. त्यानं मला किती वेळा भिजवलं ते सांगत नाही, आता तो मोठा माणूस आहे. चार वर्षांचा असताना तो डब्यातले बेसनाचे लाडू चोरून माझ्याखाली लपवायचा. आई विचारायची, "लाडू घेतलास?" हा म्हणायचा, "नाही." आणि त्याची डावी भुवई आपोआप वर जायची. तोंड खोटं बोलायचं, भुवई खरं. मग धपाटा.

मुलगा वाढला, मी माळ्यावर गेले. तो शिकायला परदेशात, क्लेटनला गेला. तिथे क्रिकेट खेळताना त्यानं सीमारेषेवरून फेकलेला बॉल यष्टिरक्षकाच्या हातात असा बसला, की बघणाऱ्या एका बेसबॉलच्या कोचनं तिथल्या तिथे विचारलं, "मेट, आमच्याकडे येतोस का?" झालं! इंजिनिअर व्हायला गेलेला पोरगा सिडनीच्या एका क्लबचा रिलीफ पिचर झाला.

रिलीफ पिचर म्हणजे काय, ते मला कुणी समजवायला नको. पहिला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, दमला, सामना अंगाशी आला, की कोपऱ्यात बसवून ठेवलेल्याला उठवायचं. त्यानं दहा-पंधरा बॉल टाकून आग विझवायची. विझली तर कुणी नाव घेत नाही. नाही विझली तर सगळे त्याच्याच नावानं खडे फोडतात. अहो, पाहुणे वाढले की माळ्यावरून काढतात ती जादाची गादी, दुसरं काय!

नचिकेतच्या बायकोला, रुचाला, जुलैत बाळ होणार होतं. बाळंतपणासाठी मीनाक्षीबाई दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सिडनीला निघाल्या. मला पुन्हा पिंजून, नवी खोळ घालून बरोबर घेतलं. विमानतळावर अधिकाऱ्यानं मला दाबलं, उलटंपालटं केलं, पुन्हा दाबलं. बाई म्हणाल्या, "कॉटन. माय ग्रँडबेबी. नाऊ नो प्रेस!" त्यानं गुपचूप हात काढला.

आठवड्याभरात विमानं बंद, मैदानं बंद, माणसानं माणसाकडे जाणं बंद.

"आई, करोनामुळे यंदा क्लबच बंद. सगळ्यांनाच घरी बसवलंय," नचिकेतनं सांगितलं. बाई भाकऱ्या थापत होत्या, त्याच्याकडे पाठ करून. मी सोफ्यावर होते. मला भुवई दिसली.

त्याला सराव तर करायचा होता. गॅरेजच्या दारापासून मागच्या कुंपणापर्यंत घराच्या बाजूनं बोळ आहे. टेप लावून मोजला, बरोब्बर अठरा मीटर भरला, पिचरला लागतो तेवढा. पण कुंपण पत्र्याचं. पहिला बॉल बसला तसा पलीकडून शेजारचा क्रेग ओरडला, "मेट, माझं हार्ट बंद पडेल!" मग नचिकेतची नजर माझ्यावर गेली. बॉल जिथून जायला हवा तो चौकोन, गुडघ्यापासून छातीपर्यंत, म्हणजे थेट माझंच माप.

"आई मारतील हं," रुचा म्हणाली. ऐकतो कोण! बाई दुपारच्या पडल्या की हा मला कुंपणावर टांगायचा.

धप्प! ताशी एकशे चाळीस किलोमीटर. छातीत बसायचा तो फास्ट बॉल एक वेळ परवडला. त्याचा दुसरा बॉल लबाड होता. हात तसाच जोरात फिरवायचा, बॉल मात्र रेंगाळत यायचा, आणि फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा. म्हणजे हातानं मारलेली थापच. आणि त्या थापेआधी, दर वेळी, डावी भुवई वर! फलंदाज जिथून टक लावून बघतो, तिथेच मी टांगलेली. गेल्या सीझनला याचे हळू बॉल लोकांनी मैदानाबाहेर का धाडले, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. ओरडावंसं वाटलं. पण कापसाला कुठला आवाज!

पाचव्या दिवशी लाँड्रीचं जाळीचं दार धाडकन उघडलं.

"नच्या! बाळाची गादी फासावर चढवलीस?"

"आई, इट्स जस्ट..."

"मराठीत बोल मेल्या! आणि क्लब बंद आहे ना? मग हे कसले उद्योग?"

"फिटनेससाठी गं."

बाईंनी त्याच्या तोंडाकडे नुसतं बघितलं. "बरं. टाक आणखी," म्हणाल्या आणि जाळीआड जाऊन उभ्या राहिल्या.

त्यानं हात उचलला. "जोरात," बाई म्हणाल्या. धप्प. "जोरात." धप्प. "आता हळू." हळूच आला. दहापैकी दहा ओळखले! बॉल हातातून सुटायच्या आधी. नचिकेतचा चेहरा पिठासारखा पांढरा.

"आई, तुला कसं कळतं?"

"लाडू खाल्लास तेव्हा कसं कळायचं? भुवई उडते तुझी. आत्ता 'फिटनेस' म्हणालास तेव्हाही उडाली. काय लपवतोयस?"

तो गवतावर बसला. "क्लबनं काढलंय मला. सात जूनला त्यांच्या सगळ्यात चांगल्या फलंदाजाला वीस बॉल टाकायचेत. जमलं तर परत घेतील. नाहीतर संपलं. तुला सांगायची लाज वाटली."

"आईला सांगायची लाज, आणि तिनं शिवलेल्या गादीला झोडपायची नाही?" बाई म्हणाल्या. पण आवाज जरा उतरला होता.

चार दिवस भुवई खाली ठेवायचे प्रयोग झाले. चिकटपट्टी घामानं निघाली. टोपी ओढली, तर बॉल क्रेगच्या लिंबात. पाचव्या दिवशी बाईंनी कमरेवर हात ठेवले. "लपत नाही ना? मग लपवूच नकोस. सगळेच बॉल भुवई उडवून टाक. जोराचा असला तरी उडव. मग कळू दे त्यांना काय कळतंय ते!"

महिनाभर बोळात एकच आरोळी, "भुवई!" पुढे पुढे तर क्रेगही कुंपणावरून ओरडायला लागला, "बुवाय, मेट!" माझे टाके उसवले, मधोमध खळगा पडला. बाई सुई घेऊन बसायच्या आणि मला म्हणायच्या, "सोस थोडं. पाहुणे गेले की आराम."

सात जूनला घरच्यांना मैदानात यायची परवानगी नव्हती. रुचा गाडी घेऊन गेली आणि बाहेरच थांबली. बाईंनी निवडलेले तांदूळ दोनदा पुन्हा निवडले. शेवटी दार वाजलं. नचिकेत मान खाली घालून आत आला.

"नाही घेतलं, आई."

बाईंनी बघितलं. भुवई वर! त्यांचा चेहरा उजळला. "खोटं!"

"खरंच नाही घेतलं." भुवई वर.

"नाव काय तुझं?"

"नचिकेत." भुवई वर!

महिनाभराची सवय ती, आता काय बोलला तरी उडत होती. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मीनाक्षीबाईंना आपल्या पोराचं तोंड वाचता येईना. त्यांनी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

मागून रुचा पोट धरून हसत आली आणि त्याच्या बॅगेतून क्लबचा नवा शर्ट ओढून काढला. "आई, वीसपैकी सोळा बॉलना तो फलंदाज म्हणे नुसता वारा घालत होता!"

बाई वळल्या. मला दोन्ही हातांनी उचललं आणि नचिकेतच्या पाठीत घातलं. "हा लाडवांचा राहिलेला!" आयुष्यात मी मार पुष्कळ खाल्लाय. दिला तो एवढाच.

त्या डिसेंबरात सामन्याला लोक अंतर सोडून बसले होते, आणि कोपऱ्यातून नचिकेतला उठवला. बाईंनी ते फोनवर बघितलं, माझ्यावर बसून. पुढच्या वर्षी विमानं सुरू झाली, तशा त्या फलटणला परतल्या. मला ठेवून गेल्या. आता माझ्यावर नचिकेत-रुचाची स्वरदा झोपते, दीड वर्षांची. बॉलनी पाडलेल्या त्या खळग्यात ती पाय दुमडून बरोबर मावते. तुमच्याही माळ्यावर जादाची गादी असेल, तर तिला अधूनमधून ऊन दाखवा. नेहमीच्या दमल्या की तिलाच उठवावं लागतं.

काल माझ्याखाली काहीतरी टोचलं. बिस्किट होतं.

"स्वरदा, बिस्किट घेतलंस?" रुचानं विचारलं.

"नो!"

डावी भुवई वर गेली. रुचाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. या वेळी मला आवाज असता, तरी मी बोलले नसते.