चालून दाखव

सकाळपासून सुकन्याचं डोकं नुसतं सणकलं होतं, आणि त्याला कारण एकच, तो पाईप. स्वयंपाकघरापासून बैठकीच्या खोलीतून पार अंगणाच्या दारापर्यंत भिंतीला बसवलेला लोखंडी पाईप. तिचा डावा पाय जन्मापासून अधू. ती रांगायची थांबली तेव्हा राधाकिशनअण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, वडवणीच्या बाजारातून तो आणून ठोकला होता. घरात ती पाईप धरून चालायची, बाहेर काठी घेऊन. आणि आज गेवराईहून पाहुणे बघायला येणार म्हणून मोहनमामांनी तो उपसून गोठ्यात नेऊन टाकला! काठी कडब्यात दडवली, ती वेगळीच.

"आल्या आल्या पाय कावून दाखवायचा, कशापायी?" मामा म्हणाले. "आधी पोरगी पसंत पडू दे. पायाचं मागून सांगू."

"मागून म्हणजे कधी, मामा? अक्षता पडल्यावर?"

"लई तोंड सुटलंय तुला!"

मामांचं एक वेळ ठीक, त्यांना बडबडायची खोडच होती. पण पाईप खोलायला पाना अण्णांनी काढून दिला होता. निमूटपणे. तिला खरा राग त्याचा होता.

पाहुणे आले. बायनाबाई, त्यांचा मुलगा अभिमन्यू आणि त्याचे चुलते. मामांनी सुकन्याला आधीच खुर्चीत बसवून ठेवलं होतं, म्हणजे उठायचा प्रश्नच नको. चहा झाला, नाव-गाव-शिक्षण झालं. तेवढ्यावर गप्प बसतील तर ते मामा कसले!

"आमची पोरगी शाळेत विज्ञान शिकवती," ते फुगून म्हणाले. "सध्या पोरांना स्पेसवॉक शिकवायलीय. अंतराळात चालायचं! साधं काम हाय का?"

"अगं बाई!" बायनाबाई हसल्या. "वर चालायचं शिकवती, मग खाली जरा चालून दाखव की, बाळ."

घ्या. मामांनी स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता. त्यांचा चेहरा असा झाला की एरवी सुकन्याला हसूच फुटलं असतं.

"मावशी, वर कुणी चालत न्हाई," ती म्हणाली. "नुसतं नाव चालायचं. पाय लोंबकळत ऱ्हातात, सगळं काम हाताचं. पासष्ट साली पहिला माणूस यानाबाहेर गेला, तर त्याचा पोशाखच फुगला, आत शिरता येईना. पोशाखातली हवा सोडली तेव्हा कुठं वाचला. पुढच्या वर्षी एक अमेरिकेचा गेला. त्याला धरायला धड काही नव्हतंच. इकडं जोर लावला की अंग तिकडं फिरायचं. घामाघूम झाला, तोंडापुढच्या काचेवर वाफ धरली, दिसेना, काम टाकून आत आला. आता तो काय लेचापेचा होता? निवडून पाठवलेला गडी! धरायला दिलं नव्हतं, एवढंच."

तिनं अण्णांकडं बघितलं. अण्णा कपातल्या गाळाकडं बघत होते.

"मग त्यांना अक्कल आली. यानाला बाहेरून दांड्या बसवल्या, पाय अडकवायला जागा केली, पाण्यात सराव करून घेतला. त्याच साली दुसऱ्यानं बाहेरचं काम आरामात उरकलं. दांड्या बसवल्या म्हणून कुणी त्याला नाव ठेवलं न्हाई, आन् पाव्हणे आले म्हणून कुणी त्या काढूनबी ठेवल्या न्हाईत."

"ते समदं खरं," बायनाबाई म्हणाल्या, "पण तू चालून दाखव."

सुकन्याला वाटलं, कपाळच बडवून घ्यावं. एवढं तोंड वाजवलं ते काय भिंतीला सांगत होते? ठीक आहे. बघायचंच आहे ना? बघा.

ती उठली. शाळेत पोरांना शिकवलेला नियम तिला पाठ होता, पुढचं धरल्याशिवाय मागचं सोडायचं नाही. तिनं मामांचा खांदा असा दाबला की मामा कळवळले. मग चुलत्यांचा खांदा, त्यांचा चहा बशीत सांडला. मग अभिमन्यूचा. तो बिचारा लाल झाला, पण हलला नाही. मग बायनाबाईंच्या खुर्चीची पाठ. पाय मागून फरफटत येत होता आणि सगळ्यांना दिसत होता.

खुर्चीच्या पुढं दारापर्यंत काहीच नव्हतं. कोरी भिंत आणि तिच्यात पाईपाच्या बोल्टांची भोकं. सुकन्या थांबली. घाम मानेवरून खाली उतरला. स्वतःच्या घरात, लहानपणापासूनच्या वाटेवर, आपण अशा अडकून उभ्या आहोत याची तिला भयंकर चीड आली. डोळे भरले, त्याचीही चीड आली.

अण्णा उठले. तिच्यापुढं येऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी खांदा पुढं केला.

"धर," ते म्हणाले.

तिनं धरला. दार आलं. तिला उंबऱ्यावर बसवून अण्णा तसेच गोठ्यात गेले आणि शेणानं माखलेला पाईप खांद्यावर घेऊन बैठकीत आले.

"बरं, आमी कळवतो," असं म्हणत बायनाबाई पदर सावरून उठायला लागल्या.

अण्णा भिंतीशी वाकले होते. "मोहनराव, पाना द्या इकडं."

"अहो दाजी, पाव्हणे तरी जाऊ द्या!"

"कावून?" अण्णांनी पाईप भोकाला लावला. "बघायलाच आलेत ना. बघू द्या."