खोटं बोलायचा हक्क

दुपारच्या जेवणानंतर आमच्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून समुद्राकडे बघत बसलं, की जहाजं पाण्यात नाही, हवेत उभी आहेत असं वाटतं. त्या दिवसांत माझंही तसंच झालं होतं. कंपनी हॅम्बुर्गला पहिलं ऑफिस उघडत होती, एचआरचं सगळं माझ्या गळ्यात होतं, आणि निम्मं मन तिकडेच तरंगत असायचं.

तिथल्या मॅनेजरच्या जागेसाठी मला कात्रिन मनापासून आवडली होती. शेवटची मुलाखत स्क्रीनवर चालू होती. तिच्या मागे संथ बर्फ पडत होता. बोलता बोलता ती खिडकी लावायला उठली आणि मला तिचं पोट दिसलं. चांगलं दिसण्याइतकं. मी काही विचारलं नाही.

तिकडच्या वकिलाने बजावलंच होतं. बाईला दिवस गेलेत का, हे विचारायचं नाही. विचारलंत, तर तिला बेधडक खोटं सांगायचा हक्क आहे, आणि त्यापायी पुढे तिला काढता येणार नाही. आमचे डायरेक्टर विक्रांत यावर पोट धरून हसले होते. मला हसू आलं नाही, हेवा वाटला.

मला नोकरीवर घेताना विक्रांतनीच विचारलं होतं, अगदी काकाच्या मायेने, की एवढ्यात पाळणा हलवायचा विचार नाही ना? मी नाही म्हटलं. दिलेला शब्द पाळायचा ही आमच्या घरची शिकवण, ती मी खुळ्यासारखी पाळत बसले. माझा नवरा प्रबोध विषय काढायचा, मी म्हणायची, प्रमोशन होऊ दे, इथे कायम राहायचा पीआर मिळू दे. शेवटी डॉक्टरांनीच नाही म्हटलं. मग प्रबोधने विषय काढणं सोडलं.

संध्याकाळी विक्रांत कॉफीचा कप घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. कात्रिनच सगळ्यांत उजवी, असं मी सांगितलं. ते खुर्चीत रेलले.

"तिला विचारता येत नाही, कबूल. पण तू बाई आहेस, तुला कळतं. काही गडबड नाही ना? आल्या आल्या लांबलचक रजा नको."

बाहेर केबल कार सेंटोसा बेटाकडे डुलत निघाली होती. मला त्यांना कायदा ऐकवता आला असता. पण तेवढ्यावरून ते समजले असते, आणि सोमवारी दुसराच कुणी अचानक जास्त योग्य ठरला असता.

"नाही," मी म्हटलं. "तसं काही नाही."

ऑफर आजच पाठव, असं म्हणून ते खुशीत निघून गेले. मी ती लगेच पाठवली आणि दार लावून घेतलं. तोंडावर धडधडीत खोटं बोलले होते आणि आकाश काही कोसळलं नव्हतं. मग मात्र मला रडू आवरेना. मलाही तेव्हा एवढंच तर करायचं होतं. नाही म्हणायचं, आणि खुशाल मूल होऊ द्यायचं.