चंडोलच्या सोळा हाका

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सव्वीस चिठ्ठ्या होत्या. सात बाबांच्या, सात आईच्या, सात ताईच्या आणि पाच माझ्या. ‘चंडोल’ मालिकेतले पहिले दोन चित्रपट आले तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. बाबांच्या सात चिठ्ठ्यांपैकी चारवर दहापैकी दहा होते आणि तीनवर नऊ. सरासरी साडेनऊच्या किंचित वर.

नियम बाबांचाच होता. ‘चंडोल’चा नवा भाग पाहून आलं की वाटेत कोणी एक अक्षर बोलायचं नाही. घरी येऊन आपापल्या चिठ्ठीवर गुण आणि एक वाक्य लिहायचं, चिठ्ठी डब्यात टाकायची, मग आईने मोठ्याने वाचायच्या. “एकाने तोंड उघडलं की बाकीच्यांचं मत बाटतं,” असं ते म्हणत. चंडोल हे त्या चित्रपटांमधलं अवकाशयान. लहान, जुनाट, डावीकडे थोडं कलणारं. दर भागात ते हरवायचं आणि दर भागात दूरवरून त्याची हाक यायची, पाखरासारखी बारीक शीळ. ती आली की यान जिवंत आहे हे कळायचं. लहानपणी शाळेतून न्यायला आले की बाबा फाटकाबाहेरून तीच शीळ घालायचे.

आठवा भाग नऊ वर्षांनी आला. त्यावरून इंटरनेटवर दोन तट पडले होते. एका तटाच्या मते असा शेवट आजवर झाला नव्हता, दुसऱ्याच्या मते ही निव्वळ फसवणूक होती. आम्ही काही न वाचता चौघं जाऊन बसलो. शेवटी चंडोल एका काळ्या ढगात शिरतो आणि पडदा पूर्ण अंधारतो. मी घड्याळ पाहिलं नाही, पण नऊ-दहा सेकंद काहीच नाही. मग त्या अंधारात हाक येते. आधी पुसट, मग थोडी स्पष्ट, मग आणखी जवळ. सोळा वेळा. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. माझ्या शेजारी ताई ढसाढसा रडत होती. बाबांनी वाकून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

घरी जेवता जेवता आईने चष्मा लावला आणि चिठ्ठ्या उलगडल्या.

“ही माझीच. आठ. ‘अवकाशात एवढी धावपळ करून हिचे केस विस्कटत कसे नाहीत?’ पुढची. सात. ‘गुरुत्वाकर्षण दोनदा चुकलंय.’ ही कोणाची ते सांगायला नको.”

“आल्या शास्त्रज्ञबाई,” ताई म्हणाली.

“ही तुझी. दहा. ‘फक्त शेवटासाठी.’ आणि ही...” आई थांबली. चिठ्ठी दिव्याखाली धरली. “अहो, हे दोन आहेत की नऊ?”

“दोन,” बाबा म्हणाले.

“‘इतकी वर्षं सोबत चाललो आणि शेवटी दिवा मालवून घरी पाठवलं.’”

“बाबा!” ताई खुर्चीतून अर्धी उठली. “दोन? त्या शेवटाला?”

“शेवट कुठे केला त्यांनी? काळोख केला.”

“झोपला होतात ना? खरं सांगा.”

“झोपलेला माणूस तुझ्या डोक्यावरून हात फिरवतो का गं?” बाबांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. “मरू दे चंडोलला. प्रत्येक जण कधीतरी जातोच. पण जाताना एक हाक तरी मारू द्यायची होती.”

ताईने तोंड उघडलं. मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय दाबला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. बाबा ताट उचलून आत गेले. जेवण अर्धंच झालं होतं.

तोवर मीही त्यांना दुसऱ्या तटात टाकून मोकळी झाले होते. आता एकेक गोष्ट आठवायला लागली. दारावरची बेल वाजली की बाबा पेपरमधून मान वर करत नाहीत. ‘यांचं घरात लक्षच नसतं’ हे आईचं पालुपद. आणि ती शीळ तर त्यांनी किती दिवसांत घातली नव्हती. बाबांनी बाटल्या भरण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, काचेवर काच आपटत धावणाऱ्या पट्ट्याशेजारी. तेव्हा कानात कापसाचे बोळे घालायचे, तेही कोणी तपासायला आलं तर.

मी मापनाची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. चित्रपटाच्या जाहिरातीत ती हाक एकदा येते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची वारंवारता काढली. चार हजार हर्ट्झच्या जरा खाली.

बाबा टेबलाशी मटार सोलत होते.

“बाबा, एक प्रयोग करायचाय. तुमच्यावर.”

“का? तुमच्याकडचे उंदीर संपले?”

“डोळे मिटायचे. आवाज आला की बोट वर. बंद झाला की खाली.”

त्यांनी मटाराचा दाणा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. लॅपटॉपवर लावलेल्या पाचशे हर्ट्झच्या आवाजाला बोट वर गेलं. हजारला गेलं. दोन हजारला गेलं, पण जरा विचार करून. मग मी चार हजार लावलं. बोट टेबलावरच राहिलं. मी आवाज एक पायरी वाढवला, मग आणखी एक, मग आणखी दोन. बोट हललं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर शहाण्या विद्यार्थ्यासारखी वाट पाहणारी शांतता होती.

“लाव की,” ते म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले.

आई दारात उभी होती. दोन्ही कानांवर घट्ट हात ठेवून.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्या लॅपटॉपकडे. मी आवाज बंद केला. आईने हात खाली घेतले.

“किती वेळ वाजत होतं?”

“वीस सेकंद.”

त्यांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे भांड्यात टाकले. सहा दाणे होते.

“म्हणजे त्या काळोखात...”

“सोळा हाका होत्या, बाबा. चंडोल जिवंत आहे.”

“आणि ताई?”

“आनंदाने रडत होती.”

“अरे देवा. आणि मी तिचं सांत्वन करत होतो.” ते हसले, पण हसू पुरतं उमटलं नाही. आई पुढे आली.

“अहो, मग मी स्वयंपाकघरातून हाका मारते त्या?”

“त्या येतात ऐकू,” बाबा म्हणाले. “त्यांना मी मुद्दाम ओ देत नाही.”

आईने त्यांच्या खांद्यावर चापट मारली आणि हात तिथेच राहू दिला.

कान तपासणाऱ्या बाईंनी आलेख काढून दाखवला. दोन्ही रेषा तीन हजारांपर्यंत हळूहळू उतरत होत्या आणि चार हजारांपाशी खड्ड्यात पडत होत्या. यंत्र लावायला बाबा कुरकुरले. “म्हातारा दिसेन.” “दिसायचं काय राहिलंय?” आई म्हणाली. सवय व्हायला काही आठवडे लागतील, सगळंच परत येईल असं नाही, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं. पहिल्या दिवशी घरी नळ ठिबकतोय म्हणून बाबांनी तिघींना उठवून नेऊन दाखवला. तो दोन वर्षं ठिबकत होता.

ताई म्हणाली, ती दोन गुणांची चिठ्ठी फाडून टाकू या. बाबांनी डबा उचलून मांडीवर घेतला. “फाडायची नाही. मी जे ऐकलं त्याला दोनच होते.”

चित्रपट आणखी तीन दिवस चालणार होता. दुपारच्या खेळाला बाबा आणि मी गेलो. आमच्यासकट अकरा माणसं होती. दिवे गेल्यावर बाबांनी माझं मनगट धरलं.

“खूण करायची नाहीस. माझ्याकडे बघायचंही नाही. मला ऐकू येईल तेव्हा मी बोट टेकवीन. तू मोज.”

दोन तासांनी चंडोल ढगात शिरला. पडदा काळा झाला. मी समोर पाहत राहिले.

पहिली हाक आली. बोट हललं नाही. दुसरी आली, तिसरी आली. माझ्या मनगटावर त्यांचा हात घामाने ओला झाला होता. चौथीला बोट टेकलं. अगदी हलकं. मग पाचवीला. मग सहावीला, जरा जोरात. त्यानंतर एकही चुकली नाही.

सोळापैकी तेरा.