मेळघाटच्या वाटेची नक्कल

आमच्या घरात कायदा फक्त एका माणसाला कळतो, असं त्या माणसाचंच म्हणणं आहे. तो माणूस म्हणजे माझे यजमान, किसनराव. अमरावतीच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले, तेव्हापासून वरणात मीठ कमी पडलं तरी ते कलम सांगतात. मी तिसरी पास. तीही मास्तर दयाळू होते म्हणून.

बासष्ट साली मी नातवंडांसाठी एक खेळ विकत घेतला. नाव 'मेळघाटची वाट'. पुठ्ठ्यावर चिकटवलेला छापील कागद. अमरावतीहून निघायचं आणि कवड्या टाकत टाकत सेमाडोह गाठायचं. चांदूर बाजारात बैल उधळला की चार घरं मागे. चिखलदऱ्याला धुकं पडलं की एक डाव बसून राहा. आणि अगदी शेवटी वाघ. त्याच्या घरात पडला तो थेट परत अमरावतीला. चित्रकलेच्या धर्मपाल मास्तरांनी तो काढला होता, आणि रविवारी सायकलवर गठ्ठा बांधून तेच दारोदार विकत.

आठ दिवसांत एका नातवाने पुठ्ठ्यावर चहा सांडला, दुसऱ्याने तो पुसला. पुसणाऱ्याने जास्त नुकसान केलं. मी म्हटलं, असाच एक कापडावर शिवून ठेवावा. पुठ्ठा पेटीत राहील, कापड पोरांच्या हाती.

"मनकर्णे, थांब," किसनरावांनी चष्मा लावला. "इथं खाली छापलं हाये, या खेळाची नक्कल करू नये."

"मी विकत घेतला ना?"

"पुठ्ठा घेतला. खेळ मास्तरचा."

"मग हे पोट्टे काय नुसत्या पुठ्ठ्यासंगं खेळून राहिले?"

"कायदा तसा नसते वो."

"तुमच्या कोर्टात एका कागदाच्या चार नकला काढता, त्याले काय म्हनता?"

"ती खरी नक्कल. तिच्यावर शिक्का असते."

"मंग माह्या नकलेवर कुंकवाचं बोट लावीन. झाली खरी."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. तो मी होकार धरला.

चार महिने शिवत होते. जुन्या धोतराचे तीन पदर, वर लाल कापड, गोधडीला घालतो तसा धावदोरा. वाघासाठी खास पिवळा दोरा आणला. खालची छापील ओळ मात्र गाळली. मास्तरांचं नाव त्याच ओळीत होतं. पण पोरं वाघ खेळतात, नाव खेळत नाहीत; आणि एका जोडाक्षराला जेवढे टाके लागतात तेवढ्यात बैलाची दोन्ही शिंगं होतात. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. घरापुरतं म्हणाल तर आजही दिसत नाही.

पुढच्या वर्षी माझ्या लेकीच्या, जमुनाच्या, पोराचं बारसं अकोल्याला होतं. तिच्या घरच्या पोरांना रमवायला कापड सोबत नेलं. वर्षभर चार पोरांनी त्याच्यावर लोळून, सांडून, ओढाताण करून त्याला म्हातारं करून टाकलं होतं.

जमुनाची सासू इंदूबाई ही तिथल्या महिला मंडळाची अध्यक्षीण. तिचं प्रत्येक वाक्य 'आमच्याकडे' पासून सुरू होतं. आमच्याकडे चांदीचा पाट, आमच्याकडे पणजीची पैठणी, आमच्याकडे बारशाला दोनशे पान. आणि माहेरहून काय आलं, तर जमुनाने मान खाली घालायची. चार वर्षं हे मी ऐकत होते.

इंदूबाईने कापड उचललं, उलटून पाहिलं. "इहीनबाई, हे लय जुनं दिसते. कुठलं म्हनावं?"

"आमच्याकडे," मी म्हटलं, "पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं."

एकच वाक्य. पण ते बोलताना अशी गोडी लागली, विड्यात गुलकंद घातल्यासारखी. जमुनाने माझ्याकडे पाहिलं. तिला खरं माहीत होतं. तरी चार वर्षांत पहिल्यांदा तिची मान वर होती, म्हणून तीही गप्प राहिली.

इंदूबाईला गप्प राहणं माहीत नाही. तिसऱ्या दिवशी मंडळाच्या प्रदर्शनात कापड भिंतीवर खिळ्याला टांगलेलं, आणि खाली सुबक अक्षरात पाटी: 'वऱ्हाडातील पारंपरिक खेळ, शंभर वर्षांपूर्वीचा.' मी शिवलेलं कापड माझ्यापेक्षा वयाने मोठं झालं. मला शेजारी खुर्ची, गळ्यात हार. बाया येत, कापडाला हात लावून नमस्कार करत. वाघाला नमस्कार करत होत्या की मला, ते मी विचारलं नाही.

दुपारी शाळा तपासणारे एक साहेब आले. मोठे लोक प्रदर्शन पाहायला येतात ते चहासाठी, हे मला माहीत होतं. पण त्यांच्या मागे धर्मपाल मास्तर होते, काखेत तोच छापील खेळ. शाळाशाळांत तो घ्यावा असा त्यांचा अर्ज होता, आणि साहेबांनी त्याच कामासाठी त्यांना अकोल्याला बोलावलं होतं.

साहेब भिंतीपुढे थांबले. एकदा कापड, एकदा पाटी, एकदा मास्तर.

"मास्तर, हा तर तुमचाच खेळ."

"हो साहेब. माझाच."

"पाटी शंभर वर्षं म्हणते. तुम्ही तर म्हणालात, माझ्या डोक्यातून निघाला. तुमचं पूर्ण नाव काय हो?"

नाव अर्जावर होतं. तरी सगळ्यांसमोर विचारलं. मास्तरांनी आडनावासकट सांगितलं. ते ऐकल्यावर साहेबांचा आवाज बदलला. तो का बदलला, हे समजायला चौथी पास लागत नाही.

"अस्सं. म्हणजे बायकांचा जुना खेळ उचलायचा, छापायचा, आणि सरकारच्या गळ्यात मारायचा."

"दोन उन्हाळे मेळघाटात सायकल घेऊन फिरलो, साहेब. तेव्हा कुठे हा..."

"पुरावा?"

"छापखान्याची पावती आहे."

"छापल्याची. सुचल्याची नव्हे. हे कापड त्याच्या आधीचं आहे. अर्ज परत न्या. आणि तुमच्या शाळेलाही मला कळवावं लागेल."

म्हणजे नोकरीवर आलं. मास्तरांनी मला ओळखलं होतं. माझ्याच दारात त्यांनी तो खेळ विकला होता, पाणी प्यायले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मी भांडले असते. भांडण मला येतं.

इंदूबाईचा हात माझ्या खांद्यावर होता. जमुना पोराला घेऊन दारात उभी. सगळ्यांत सोपं काय, तर खुर्चीत बसून राहायचं. हार ताजा होता.

मी हार काढला.

"साहेब, ते कापड गेल्या सालचं हाये. मीच शिवलं."

साहेब हसले. "बाई, घाबरू नका. तुमच्यावर कोणी दबाव आणत असेल तर..."

"माह्यावर? माह्या नवऱ्याले इचारा, दबाव कोन कोनावर आनते ते."

बाया हसल्या. इंदूबाईचा हात खांद्यावरून निघाला. जागा एकदम थंड पडली.

"या मास्तरांकडून पुठ्ठा घेतला. पाहून पाहून शिवलं. पोट्टे कागद फाडतेत म्हनून. पिढ्यान्‌पिढ्याचं हाये, असं मीच म्हटलं, त्याचीच शंभर वर्सं झाली."

"म्हणजे ही नक्कल! मग गुन्हा तुमचा झाला."

"असंन. तो केवढा ते मास्तर सांगतीन. खेळ त्यांचा हाये."

मास्तर हळू बोलले. "काकू, घरात पोरांसाठी शिवलं, त्याचं मला काही नाही. पुठ्ठा टिकत नाही, हे मलाही माहीत आहे. पण इथं टांगलं, लोकांनी हात जोडले, आणि त्यात मी कुठंच नाही."

हातातला हार मी खुर्चीवर ठेवला आणि उठले.

साहेबांना सगळं लेखी लागतं. मी कागद मागितला आणि माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: खेळ धर्मपाल मास्तरांचा. टाके माझे. शंभर वर्षे खोटी. खाली सही. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. त्यात एकही कलम नव्हतं, त्यामुळे त्यांना जरा कठीण गेलं. शेवटी त्यांनी मास्तरांचा अर्ज परत स्वतःच्या पिशवीत घातला.

कापड मीच खाली उतरवलं आणि घडी घातली. इंदूबाई रिकाम्या खिळ्याकडे पाहत राहिली.

"आता इथं काय लावू मी?" तिचा आवाज चिरका झाला होता. "जिल्ह्याचे लोक येऊन राहिले उद्या."

मास्तरांनी काखेतला छापील खेळ पुढे केला. "हा लावा."

"अन्‌ पाटी?"

"कोरी ठेवा आधी," मी म्हटलं. "काय लिहायचं ते मास्तरांले इचारा."

जमुना पोराला घेऊन माझ्यामागे बाहेर आली. "माय," ती म्हणाली, "आता सासूबाई मले दहा वर्सं ऐकवतीन."

"ऐकवू दे," मी म्हटलं. "निदान जे ऐकवतीन ते खरं तर असंन."