हिवाळ्याचा करडा

सासऱ्यांच्या जिभेला हाड नव्हतं, आणि गेली दोन वर्षं डोळ्यांना रंग कळत नव्हते. पहिली गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती, दुसरी फक्त सुनेला. मेलेल्या जनावरांत पेंढा भरून ती जिवंत वाटतील अशी उभी करायची, हा घरचा धंदा. मुलाला त्या वासानेच मळमळायचं. तो बँकेत चिकटला, आणि बारा वर्षांपूर्वी त्याच्या जागी कारखान्यात सून आली.

मोतीबिंदू पिकला तरी म्हातारा डॉक्टरचं नाव काढू देत नव्हता. सकाळभर तो रंगवायचा आणि जेवून आडवा व्हायचा. मग सून ओल्या रंगावर फडकं फिरवायची आणि सगळं पहिल्यापासून करायची. संध्याकाळी म्हातारा गिऱ्हाइकापुढे मिशीला पीळ भरायचा. ती मागे हातांवरचा रंग धूत असायची.

या खेपेला संग्रहालयातून हरणांची पाच जुनी मुंडकी आली होती. वर्षानुवर्षं भिंतीवर ऊन खाऊन पाचही एकाच मळकट रंगाची झालेली. एकाच जातीच्या हरणांत इतके रंग कसे, हे नव्या दालनात लोकांना दाखवायचं होतं.

"शिंग मुळात पांढरंच, सूनबाई," म्हातारा ब्रश झटकत म्हणाला. "वरचं मखमली कातडं गळलं की खाली नुसतं हाड. मग नर ते झाडावर घासतो. राळ गळणारं झाड मिळालं तर शिंग काळपट होतं. उघड्या माळावर घासायला काही नाहीच, तिथलं फिकं पिवळसर राहतं. टोकं तेवढी घासून घासून पांढरी. अंगाचे केस उन्हाळ्यात तांबूस, हिवाळ्यात करडे. तू माळावरची. बारा वर्षं इथे घासतेयस, पण रंग म्हणून चढला नाही."

आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

त्याला सगळं पाठ होतं, म्हणून रंग दिसत नाहीत हे कुणाला कळायचंच नाही, हेच तर दुखणं होतं. संग्रहालयाच्या बाई काम पाहायला आल्या, तेव्हा तासभर ऐकत राहिल्या. जाताना त्यांनी विचारलं, "आणि या कोण?"

"ही होय? ही पेंढा भरते."

प्रत्येक मुंडक्याखाली कारागिराच्या नावाची पितळी पाटी लागायची. बारा वर्षांत तिचं नाव एकदाही लागलं नव्हतं. बाई गेल्यावर तिने धीर केला. "बाबा, या वेळी पाट्यांवर माझंही नाव घाला."

"पेंढा भरणाऱ्यांची नावं घालायची तर उद्या कसायाचंही घालावं लागेल."

त्या दिवशी तिच्या मनात दातओठ खाणारं काहीतरी जागं झालं. पुढच्या तीन दुपारी तिने फडक्याला हातच लावला नाही. म्हाताऱ्याने करडा म्हणून निळा फासला होता. माळावरची शिंगं बशीसारखी पांढरीफेक केली होती, राळेची टोकापर्यंत काळी. ती समोर स्टुलावर बसून शेंगदाणे खात बघत राहिली. होऊ दे शोभा, चारचौघांत होऊ दे. तिला मनापासून बरं वाटलं, अगदी झोपही छान लागली.

दालनात मुंडकी टांगली, कापडं काढली. दोन सुतार तोंड फिरवून हसले. बाई हसल्या नाहीत. त्या सरळ सुनेकडे वळल्या.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माझ्याकडून?"

बाईंनी पाटीकडे बोट केलं. पाचही पाट्यांवर तिचं नाव होतं, एकटीचं. "आजोबांनी गेल्या आठवड्यात शेजाऱ्याकडून पत्र लिहवून पाठवलं. मला रंग दिसत नाहीत, दोन वर्षं सगळं काम सुनेचंच आहे, पाट्यांवर तिचंच नाव घाला, यापुढे काम तिलाच द्या, असं. आम्ही देणारही होतो."

"पण हे मी नाही रंगवलं!" ती सगळ्यांदेखत ओरडली. "बाबांनी रंगवलंय! आंधळे झालेत हे!"

"ते त्यांनी कळवलंच आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला तर दिसतं ना?"

बाईंनी सुतारांना मुंडकी उतरवायला सांगितलं, आणि या कारखान्यात पुन्हा काम जाणार नाही, हेही तिथेच सांगून टाकलं.

म्हातारा काठी धरून उभा होता. "राळेच्या नराची टोकं कशी आहेत?" त्याने विचारलं.

"काळी."

"हिवाळ्याचा?"

"निळा."

त्याने पाचही विचारली, आणि तिला पाचही सांगावी लागली.

"दुपारी मला कुठली झोप लागते," तो म्हणाला. "दोन वर्षं तुझं पुसणं ऐकत पडायचो. हे तीन दिवस तू काहीच पुसलं नाहीस. मला वाटलं, या वेळी मला जमलं."